आधी माप, मग मोल: जुन्या स्पोर्ट्स मोटारीचं पहिलं इंजिनकाम

जुनी स्पोर्ट्स मोटार हाती आली की मालक मेकॅनिकला पहिला प्रश्न विचारतो तो पैशाचा: इंजिन करायला एकूण किती लागतील? बंद इंजिनाकडे बघून या प्रश्नाला जो एकच ठाम आकडा सांगेल, त्याला काम देऊ नये असं माझं मत आहे. तो खोटं बोलतो असं नव्हे. पण सिलिंडर किती झिजलेत, क्रँक याआधी किती वेळा घासून घेतलाय, हेडला तडा आहे का, ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा किती गंजल्यात, हे सगळं झाकणाआड असतं आणि खर्च नेमका त्यावरच ठरतो. म्हणून पहिल्यांदा इंजिनकाम काढणाऱ्याने दोन अंदाजपत्रकं करावीत. पहिलं फक्त इंजिन उतरवणं, खोलणं, धुणं आणि मोजणं एवढ्यापुरतं. दुसरं, मापं हातात आल्यावर, उरलेल्या सगळ्या कामाचं. आणि दोहोंच्या मध्ये थांबायची, विचार करायची, जमत नसेल तर काम वर्षभर पुढे ढकलायची मुभा स्वतःकडे ठेवावी.

हा विषय मुंबईतल्या माहुलमधून पाहण्याला मोठा अर्थ आहे. तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, या किनाऱ्यावर १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलची रिफायनरी सुरू झाली. आजच्या एचपीसीएल आणि बीपीसीएलच्या रिफायनऱ्या त्या याच. मुंबईच्या पेट्रोलचं हे घर, आणि इंजिन ऑइलचा पाया असलेलं बेस ऑइलही एचपीसीएलच्या याच कारखान्यात तयार होतं. समोर चिखलपट्टीपलीकडे शिवडी दिसते. तिथे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला आणि १९५४ मध्ये गुंडाळला. काही किलोमीटरांवर कुर्ला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने तिथे फियाट बनवल्या. त्याच कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आजही जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची आणि भंगाराची दुकानं ओळीने आहेत. जुन्या इंजिनाला जे जे लागतं ते सगळं इतक्या जवळजवळ क्वचितच कुठे मिळतं.

पण कोणती मोटार, यावर बजेट आणि धीर दोन्ही अवलंबून. खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स म्हणाव्यात अशा गाड्या आपल्याकडे आल्या त्या मुख्यतः १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत: एमजीच्या टीसी आणि टीडी, संस्थानिकांकडच्या जॅग्वार एक्सके. पुढे आयातीवर निर्बंध आले, भारतात टप्प्याटप्प्याने सुटे भाग बनवायची तयारी नसलेल्या कंपन्या निघून गेल्या, आणि नवी स्पोर्ट्स मोटार ही अपवादाची गोष्ट झाली. तरीही भारतीय मालकाच्या बाजूची एक गोष्ट इतिहासाने करून ठेवली आहे. आपल्या साध्या कुटुंबाच्या गाड्या आणि विलायती स्पोर्ट्स गाड्या यांची इंजिनं अनेकदा एकाच घराण्यातली आहेत. १९५५ ते १९५९ मधल्या एमजीए १५०० चं इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजचं, १४८९ सीसीचं. आपल्या पेट्रोल अँबेसिडरमध्येही अनेक वर्षं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिनच होतं. मद्रासेत १९६१ पासून बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डचं ९४८ सीसीचं इंजिन आणि १९६२ च्या ट्रायम्फ स्पिटफायरचं ११४७ सीसीचं इंजिन यांचाही वंश एक, स्ट्रोकही एकच, ७६ मिलिमीटर. प्रत्येक भाग जुळेलच असं नाही. एमजीएचा कॅम, हेड आणि जोडकार्ब्युरेटर वेगळे आहेत. पण इंग्लंडहून मागवायच्या यादीतून निदान काही ओळी खोडता येतात, आणि मुख्य म्हणजे हे इंजिन ज्याच्या हाताखालून शेकड्याने गेलंय असा मिस्त्री मिळतो.

याच्या उलट जॅग्वार एक्सके. ३४४२ सीसी, सहा सिलिंडर, हेडवर दोन कॅमशाफ्ट, सात मेन बेअरिंग. एमजी टीडीचं इंजिन १२५० सीसी, चार सिलिंडर, तीन मेन बेअरिंग. दोन्ही क्लासिक, दोन्ही देखण्या, पण पहिल्याच इंजिनकामाला जॅग्वार घेणाऱ्याने भाग, मजुरी आणि एखादी चूक झाली तर तिची किंमत हे तिन्ही कितीतरी पटींनी धरायला हवेत. शिकायचं असेल तर चार सिलिंडर, बाजूला एक कॅम, वर पुशरॉड, ओतीव लोखंडाचा ब्लॉक, एवढं पुरे. मुंबईत राहणाऱ्याला माझी मनापासून शिफारस आहे की पहिलं इंजिन फियाट ११०० चं असावं, मग ती जुनी मिलेचेंतो असो, डिलाइट असो की पद्मिनी. ती स्पोर्ट्स मोटार नाही हे खरं. पण त्या १०८९ सीसीच्या इंजिनाने या शहराला इंजिनकाम शिकवलं.

त्याचं कारण टॅक्सी. काळी-पिवळी पद्मिनी दिवसरात्र दोन पाळ्यांत चालायची, आणि मालकाला गाडी उभी ठेवणं परवडायचं नाही. त्यामुळे ‘हाफ इंजिन’ आणि ‘फुल इंजिन’ असे कामाचे दोन ठरीव प्रकार पडले. हाफ इंजिन म्हणजे हेड उतरवून व्हॉल्व्ह घासणं, रिंगा आणि बिगएंड बेअरिंग बदलणं, तेही बहुतेकदा ब्लॉक गाडीतच ठेवून. फुल इंजिन म्हणजे सगळं खाली: बोअरिंग, नवे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, मेन बेअरिंग, व्हॉल्व्ह गाईड, ऑइल पंप. कोणत्या गाडीला काय लागेल हे मिस्त्री धुरावरून, आवाजावरून आणि तेलाच्या खपावरून सांगायचे. लेथवाले बोअरिंगचं काम एका दिवसात देत. शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत २९ ऑक्टोबर २०२३ ला संपली आणि ही टॅक्सी अधिकृतपणे रस्त्यावरून गेली. ती गेल्याने या कामाचा रोजचा आधार गेला आहे. जुनं बोअरिंग मशीन चालवणारे, मायक्रोमीटरला बोटं सरावलेले कारागीर अजून आहेत, पण त्यांच्यापुढे येणारं काम बदललंय. नव्या गाड्यांचं इंजिन बिघडलं तर बरेचदा अख्खं बदलतात. ज्याला जुनं इंजिन करून घ्यायचं आहे त्याने ते पाच वर्षांनी करण्यापेक्षा आता करावं, असं मला वाटतं ते यामुळे.

इंजिन खोलायच्या आधी एक शंका फेडून घ्यायला हवी: दोष खरंच आत आहे का? ओढ कमी वाटते म्हणून इंजिन उतरवलं आणि शेवटी निघालं डिस्ट्रिब्युटरचं टाइमिंग, असं घडतं. कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडर तपासावेत. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. एकूण आकड्यापेक्षा चौघांतला फरक बोलका असतो. दहा टक्क्यांच्या आत असेल तर घाई नको. ज्याचा आकडा पडलाय त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावं. आकडा वर आला तर रिंगा किंवा बोअर गेलेत; जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केट. शेजारच्या दोन सिलिंडरांत एकदमच पडलेला असेल तर गास्केट मधोमध फुटलं असण्याची शक्यता मोठी. धुराचीही भाषा आहे. उतारावर पाय उचलून पुन्हा दाबल्यावर निळा धूर आला तर तेल व्हॉल्व्ह गाईडमधून उतरतंय. ओढ लावताना सतत निळा येत असेल तर रिंगांतून चढतंय. काळा धूर बहुधा कार्ब्युरेटरचा. आणि इंजिन तापल्यावर ऑइल प्रेशर किती राहतं हे नोंदवून ठेवावं, कारण बेअरिंगची तब्येत तेच सांगतं.

वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी असेल तर यातलं काहीच लगेच करू नये. माहुल, ट्रॉम्बे, शिवडीसारख्या किनारपट्टीवर खारी दमट हवा उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरात शिरते आणि रिंगा बोअरला गंजून चिकटतात. सेल्फ मारला की रिंग तुटते आणि बोअरवर कायमचा चरा उठतो, म्हणजे साध्या होनिंगवर, म्हणजे आतून हलकं घासण्यावर, भागलं असतं तिथे बोअरिंग येतं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात पातळ तेल सोडावं, दोन-चार दिवस मुरू द्यावं, आणि मग पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हलकेच दोन्हीकडे फिरवून पाहावं.

खोलणं हे खरं तर नोंद ठेवण्याचं काम आहे. आज मोबाइलमुळे ते फुकट झालंय, तेव्हा प्रत्येक पायरीला फोटो काढावा: वायर कुठून गेलीय, वॉशर कोणत्या बाजूला आहे, डिस्ट्रिब्युटरचा रोटर कुठे बघतोय. नटबोल्ट जिथले तिथले पिशव्यांत, पिशवीवर नाव. बेअरिंग कॅप आणि कनेक्टिंग रॉड यांच्या बाबतीत मात्र फोटो पुरत नाही. रॉड आणि त्याची कॅप कारखान्यात एकत्र बोअर केलेली असते. एकाची कॅप दुसऱ्याला लागली की भोक गोल राहत नाही, आणि मग नवं बेअरिंगसुद्धा काही शे किलोमीटरांत जातं. मेन बेअरिंगच्या कॅपचंही तेच. खुणा नसतील तर सुटण्याआधी करून घ्याव्यात. पुशरॉड आणि टॅपेट ज्या जागेवरून निघाले त्या क्रमाने लावून ठेवावेत, कारण टॅपेट आपापल्या कॅमशी घासून बसलेला असतो.

एमजी टीडीच्या एक्सपॅग इंजिनाविषयी एक इशारा इथेच द्यायला हवा. त्याच्या नटबोल्टांची डोकी व्हिटवर्थ मापाची आणि आटे मात्र मेट्रिक आहेत. डोक्याला व्हिटवर्थचा पाना बसतो म्हणून आटेही इंग्लिश समजून कोणी त्यात टॅप घातला, तर ब्लॉकमधले आटे संपलेच. काम देण्याआधी मिस्त्रीला हे सांगावं. त्याने हसण्यावारी नेलं तर दुसरा मिस्त्री पाहावा.

आता मापं, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. सिलिंडर वरपासून खालपर्यंत सारखा झिजत नाही. पिस्टनचा वरचा मुक्काम जिथे, तिथे सर्वांत जास्त झिजतो आणि तिथे बोटाला कड लागते. म्हणून बोअर तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीला दोन दिशांनी, क्रँकच्या रेषेत आणि तिच्या आडवा, मोजतात. चार सिलिंडरांची चोवीस मापं होतात. त्यातून दोन गोष्टी कळतात: वरून खाली किती निमुळता झालाय आणि किती लंबगोल झालाय. क्रँकच्या प्रत्येक जर्नलचीही, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचीही, अशीच मापं घ्यायची. मग ती गाडीच्या मॅन्युअलमधल्या मर्यादांशी ताडून पाहायची. हाताशी धरायला ढोबळ ठोकताळे आहेत: बेअरिंगमधली फट जर्नलच्या दर इंच व्यासाला साधारण एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, रिंगच्या टोकांमधली फट दर इंच बोअरला तीन ते चार थाऊ. फियाटच्या ६८ मिलिमीटर बोअरला ती ०.२० ते ०.२७ मिलिमीटरच्या घरात येते. पण मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचंच ऐकावं.

या मापांवरून खर्चाच्या वाटा फुटतात. झीज मर्यादेत असेल तर होनिंग करून नव्या रिंगा बसतात आणि पिस्टन वाचतात. मर्यादेबाहेर असेल तर पुढच्या ओव्हरसाइजला, म्हणजे पुढच्या मोठ्या मापाला, बोअर करावं लागतं आणि चारही पिस्टन नवे येतात. आधीच्या मालकाने ती वाट शेवटपर्यंत वापरून टाकली असेल, तर लायनर ठोकून बोअर पुन्हा स्टँडर्डला आणावा लागतो. हे काम महाग आहे, पण त्याने ब्लॉक वाचतो, आणि ब्लॉकवर गाडीचा इंजिन नंबर असतो. क्रँकचंही तसंच: दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ अशा पायऱ्यांनी तो लहान करत नेता येतो, मग पुढे जागा उरत नाही. काही जण बोअर वाढवल्याने ताकद वाढेल म्हणून खुशीने मोठा ओव्हरसाइज मागतात. हिशेब करून पाहा. ६८ बाय ७५ च्या फियाटला अख्खा एक मिलिमीटर वाढवला तरी १०८९ चे ११२२ सीसी होतात, तीन टक्के. त्यासाठी पुढच्या दोन बोअरिंगची सोय गमावणं हा वाईट व्यवहार आहे. शक्य तितकं कमी कापावं.

एक क्रम पाठ करून ठेवावा: आधी पिस्टन हातात, मग बोअरिंग. लेथवाला प्रत्यक्ष पिस्टन मोजून त्याला हवी तेवढी फट ठेवून बोअर करतो. पिस्टन ‘येतायत’ म्हणून आधीच वीस थाऊ ओव्हरसाइजचा बोअर करून घेतला आणि दुकानात फक्त तीसचा संच मिळाला, की तेच काम दोनदा होतं. उलट टोकाचंही तितकंच वाईट. मोजण्याआधीच स्वस्तात मिळाले म्हणून पिस्टन घेऊन ठेवले आणि बोअर त्याहून जास्त झिजलेला निघाला तर ते पिस्टन कपाटात राहतात. आधी माप, मग पिस्टन, मग बोअर.

मोजण्याइतकीच तडा तपासणी महत्त्वाची आणि नवखे नेमकी तीच वगळतात. क्रँक आणि रॉडना चुंबकीय तपासणी, ज्याला मॅग्नाफ्लक्स म्हणतात, आणि हेडला दाबाची तपासणी. ॲल्युमिनियमच्या हेडला, म्हणजे फियाटच्या, हे विशेष लागू. नळाचं साधं पाणी वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये घातलं की लोखंड आणि ॲल्युमिनियम यांच्या संगतीत हेडच्या पाण्याच्या भोकांची कड खाल्ली जाते. वरून फेसिंग केलं की पृष्ठभाग चकचकीत दिसतो, पण गास्केटला टेकायला धातूच उरलेला नसतो. ती वेल्डिंगने भरून मग फेस करावी लागते. किती जाडी उरलीय तेही विचारावं. हेड अनेकदा फेस झालेलं असेल तर कॉम्प्रेशन नको तितकं वाढतं आणि इंजिन ठोकायला लागतं.

एवढं झालं की दुसरं अंदाजपत्रक लिहायला बसावं, आणि त्याचे तीन भाग करावेत. पहिल्यात निश्चित लागणाऱ्या वस्तू, ज्या झीज दिसो न दिसो बदलायच्याच: गास्केट संच, ऑइल सील, बेअरिंग, टाइमिंग चेन, वॉटर पंप, ब्लॉकचे कोअर प्लग, होज पाइप, ऑइल पंपाचे गिअर किंवा पूर्ण पंप. दुसऱ्यात मापांनी ठरवलेलं काम. तिसरा भाग घातक असतो: इंजिन बाहेर आलंच आहे तर करून घेऊ, अशी यादी. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग यांना मी त्यात हो म्हणेन, कारण पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी त्या भागांपेक्षा जास्त आहे. रेडिएटर आतून साफ करणं किंवा त्याची जाळी बदलणं यालाही हो, कारण नवं घट्ट इंजिन सुरुवातीला जास्त तापतं आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये जुना बुजलेला रेडिएटर ते सांभाळू शकत नाही. व्हॉल्व्ह कव्हरचं क्रोमिंग, जास्त ताकदीसाठीचा कॅम, जोडकार्ब्युरेटर यांना पहिल्या कामात नाही. मालक पैशाने थकतो तो बहुतेक वेळा इथे, आणि मग बेअरिंग स्वस्त घेतो.

राखीव रकमेबद्दल माझा अंदाज असा की दुसऱ्या अंदाजपत्रकाच्या किमान एक तृतीयांश रक्कम वेगळी काढून ठेवावी, आणि भाग परदेशातून येणार असतील तर निम्मी. परदेशी दुकानातली किंमत ही सुरुवात असते. तिच्यावर कुरिअर, मग आयात शुल्क आणि अधिभार, मग त्या सगळ्यावर आयजीएसटी. देशात घेतलेल्या सुट्या भागांचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झालाय, आधी बऱ्याच भागांवर तो २८ होता. एकदा मागवून भागत नाही हेही धरावं. दोन खेपा तर होतातच, म्हणून मापं पूर्ण होईपर्यंत पहिली ऑर्डर देऊ नये आणि ती सगळी एकदम द्यावी.

भारतातच मिळणाऱ्या मालाचे दोन स्रोत आहेत. एक, कुर्ला आणि तत्सम बाजारांतला जुना कोरा माल, वर्षानुवर्षं खोक्यात पडलेला. धातूचे भाग, म्हणजे पिस्टन, बेअरिंग, व्हॉल्व्ह, खोकं कोरडं राहिलं असेल तर बिनधास्त घ्यावेत. चेन्नईच्या इंडिया पिस्टन्ससारख्या कंपन्यांचा जुना माल आजच्या अनेक नकलांपेक्षा सरस असतो. पण रबर आणि कॉर्क जुनं कधी घेऊ नये. सील खोक्यातच कडक झालेलं असतं. दुसरा स्रोत कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या काळापासून ओतकाम आणि मशिनिंग यांची परंपरा आहे. कुठेच न मिळणारा वॉटर पंपाचा इंपेलर किंवा मॅनिफोल्ड नमुन्यावरून ओतून घ्यायचा असेल तर मुंबईपेक्षा तिथे चौकशी करणं शहाणपणाचं.

मजुरी कशी ठरवावी यावर मतभेद आहेत. मुंबईत मिस्त्री बहुधा उक्तं काम घेतात. जोडणी उक्ती द्यायला हरकत नाही, कारण तिची पायरी न् पायरी माहीत असते. खोलणं आणि मोजणं मात्र रोजावर द्यावं. उक्त्या दरात मिस्त्रीला घाई करावीशी वाटते, आणि नेमकी इथेच घाई नको. मशीन शॉपकडून मापांचा कागद लेखी मागावा. काही ठिकाणी त्याची सवय नसते, तोंडी ‘वीस केलाय’ एवढंच कळतं. कागद मिळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नये.

आता पुन्हा माहुलकडे, कारण पेट्रोल आणि तेल यांचा हिशेबही अंदाजपत्रकात येतो. ही इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलसाठी बनली. चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल १९९५ मध्ये आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच राहिलं. शिसं व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये पातळ थर धरून राखण करायचं. ते गेल्यावर लोखंडी हेडमध्ये थेट कापलेल्या बैठका, जशा बी-सिरीज, हेराल्ड आणि एक्सपॅगमध्ये, सततच्या वेगात खचत जातात. हेड खाली आहेच, तर एक्झॉस्टच्या बैठकांना कडक इन्सर्ट बसवून घ्यावेत. फियाटच्या ॲल्युमिनियम हेडला इन्सर्ट मुळातच असतात. दुसरा बदल ताजा आहे: पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुनी रबरी नळी फुगवतं, कार्ब्युरेटरमधलं कॉर्क आणि जुनी पॅकिंग खातं, हवेतलं पाणी शोषतं आणि मिश्रण पातळ करतं. उपाय महाग नाहीत. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या, फ्यूएल पंपाचा नवा पडदा, कार्ब्युरेटरचं नवं किट, एक-दोन पायऱ्या मोठा जेट. शिवाय गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.

तेलात जस्त लागतं. या इंजिनांत टॅपेट कॅमवर सपाट घासतो, आणि त्या घर्षणात धातू वाचवतो तो झेडडीडीपी नावाचा जस्त-फॉस्फरसचा घटक. नव्या गाड्यांच्या पातळ तेलांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचावा म्हणून फॉस्फरसवर मर्यादा घातली आहे. म्हणून महागडं ०डब्ल्यू-२० सिंथेटिक इथे उपयोगाचं नाही. साधं २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० खनिज तेल, ज्याच्या डब्यावर जुन्या पेट्रोल इंजिनांचा उल्लेख आहे, ते बरोबर.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात, पण तिच्यामुळे खर्च बदलतो. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले: पन्नास वर्षांहून जुनी, व्यावसायिक वापरात नसलेली दुचाकी किंवा चारचाकी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये, आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. त्या व्याख्येत एक अट आहे. गाडी मूळ रूपात असावी, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. म्हणजे मूळ ब्लॉकला लायनर ठोकून तो वाचवणं आणि त्याजागी दुसऱ्याच गाडीचं इंजिन टाकणं, या दोहोंमधला फरक कायद्यालाही दिसतो. अशा नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरती चालते. रोज चालवायची असेल तर नेहमीची नोंदणी राखावी. कोणत्याही परिस्थितीत ब्लॉक बदलला तर नव्या इंजिन नंबरची नोंद आरटीओत करून घ्यावी लागते. भंगारातून आणलेल्या ब्लॉकची पावती नसेल तर तो कितीही स्वस्त असो, घेऊ नये.

वेळेचं गणित माहुलच्या कोळीवाड्याकडून शिकण्यासारखं आहे. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढल्या जातात आणि इंजिनाची कामं त्याच काळात उरकली जातात, कारण बंदी उठताच समुद्रात जायचं असतं. मोटारीच्या मालकाला असा बंधनाचा दिवस नसतो, म्हणून काम लांबत जातं. मी उलट सुचवेन: खोलणं आणि मोजणं दिवाळीनंतर, भाग हिवाळ्यात, जोडणी मार्चपर्यंत. पावसाळ्यात बोअर केलेला ब्लॉक उघडा पडला तर एका रात्रीत त्यावर गंजाची झाक येते. ठेवावाच लागला तर सिलिंडरना तेल चोळून, प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवावा.

जोडणीआधी ब्लॉक पुन्हा धुवावा, साबणाच्या गरम पाण्याने आणि ब्रशने, पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवून पांढरंच निघेपर्यंत. होनिंगची कणी आत राहिली तर नव्या रिंगांना तीच खाते. तेलाच्या वाटांची टोकं उघडून त्याही धुवाव्यात. सुरू करण्याआधी प्लग काढून सेल्फने फिरवत ऑइल प्रेशर आणावं. पहिल्यांदा सुरू झालं की रिकाम्या चालीवर सोडू नये. मिनिटाला साधारण २००० फेऱ्यांवर वीस मिनिटं ठेवावं, म्हणजे नवा कॅम आणि टॅपेट एकमेकांना बसतात. गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा मॅन्युअलच्या क्रमाने आणि मापाने आवळावेत.

पुढचे हजार किलोमीटर रिंगा बसवायचे. त्यांना दाब हवा आणि बदलता वेग हवा. ट्रॅफिकमध्ये तासन् तास सरपटणं आणि हायवेवर एकाच वेगात जाणं, दोन्ही वाईट. माहुलकरांना पहाटेचा ईस्टर्न फ्रीवे जवळ आहे; तिथे चाळीसवरून साठपर्यंत ओढ लावायची, पाय उचलायचा, पुन्हा ओढ. पहिलं तेल आणि फिल्टर दोन-तीनशे किलोमीटरांत बदलावं, दुसरं हजारला. ते तेल पांढऱ्या भांड्यात काढून चुंबक फिरवून पाहावं. करडी बारीक पूड अपेक्षित असते. तांबूस-चंदेरी चकत्या दिसल्या तर बेअरिंग तपासायला तळाचं तेलपात्र (संप) उतरवावं, गाडी पुढे चालवू नये.

आणि ते काढलेलं तेल. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं इंजिन ऑइल घातक कचरा आहे. या भागातली माणसं हवेतल्या आणि खाडीतल्या तेला-रसायनांशी अनेक वर्षं झगडत आली आहेत, आणि चिखलपट्टीवर जगणारं मासळीचं उत्पन्न आधीच रोडावलेलं आहे. एका हौसेच्या इंजिनामागे दहा-बारा लीटर तेल निघतं, धुण्याचं रॉकेल आणि डिझेल वेगळं. त्यासाठी झाकणाचे दोन कॅन पहिल्या अंदाजपत्रकातच लिहावेत, आणि तेल मान्यताप्राप्त पुनर्प्रक्रिया करणाऱ्यापर्यंत जातं की नाही हे गॅरेजवाल्याला काम देण्याआधी विचारावं.